मागच्या खोलीतल्या सात कुंड्या

११ नोव्हेंबर

आजपासून वही. दातांच्या डॉक्टरीणबाई आज कवळी न्यायला आमच्या वर्कशॉपमध्ये आल्या आणि माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवून गेल्या. कोणीतरी त्यांना भेट दिलेलं. त्यांच्या घरात दिवसभर ऊन, आणि या फुलाला लागते थंडी. मी कधीतरी बोलता बोलता म्हटलं होतं की आमच्या मागच्या खोलीत हिवाळ्यात दात वाजतात, ते त्यांनी लक्षात ठेवलं. फुलाचं नाव रॅनन्क्युलस. कवळी सैल असलेल्या माणसाने हे नाव मोठ्याने घेऊ नये. चित्रातलं फूल मात्र असं, की पाकळ्या मोजायला बसलं तर रविवार पुरायचा नाही.

पाकिटाच्या मागे लिहिलंय, घरात वाढवणार असाल तर रोजची नोंद ठेवा. म्हणून ही वही. नाहीतर माझ्या आयुष्यात नोंद ठेवण्यासारखं काय आहे? सकाळी आईचं आवरायचं, नऊला दिवसपाळीच्या मावशी आल्या की निघायचं, दिवसभर मेणात दात बसवायचे, सात वाजता तीन मजले चढून परत. आई दीड वर्षापूर्वी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून पलंगावर. डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलंय, पण पाय टाकायची भीती मनात बसलीय. दोघींनी दोन बाजूंनी धरलं की संडासापर्यंत येते, तेवढंच. मी परगावी शिकायला गेले होते, ते अर्धवट सोडून आले. दुसरं कोण होतं? दादा परदेशात. तो फोन करतो.

पाकिटात दहा कंद आहेत. थेट उपटलेल्या दाढांसारखे दिसतात, मुळांसकट. हे तरी मला जमायला हवं.

१२ नोव्हेंबर

कंद चार तास पाण्यात भिजवायचे होते. सकाळी आठला भिजवले आणि मावशींना बजावलं, "माझ्या वाडग्याला कोणी हात लावायचा नाही." कामावर एक जबड्याचा साचा तडकला, तो निस्तरता निस्तरता कंदांची आठवणच राहिली नाही. सातला आले तर वाडगं तसंच. अकरा तास! तीन कंदांचा लगदा झाला होता.

मावशींना म्हटलं, "अहो, काढायचे नाहीत का?"

"तुम्हीच म्हणालात ना ताई, हात लावायचा नाही."

आई पलंगावरून हसत होती. मला राग आला, पण बोलणार कोणाला? हात दाखवून अवलक्षण माझंच. उरले सात.

१४ नोव्हेंबर

मुळांची टोकं खाली करून सातही ओलसर भुशात ठेवले. खाली-वर कसं ओळखायचं याची पाकिटावर अर्धं पान चर्चा आहे. मला ती गरज पडली नाही. दाढेची मुळं कुठल्या बाजूला असतात हे मी झोपेतही सांगेन. मागच्या खोलीत टेबलाखाली, अंधारात. दोन आठवडे विसरून जायचं, असं लिहिलंय.

२७ नोव्हेंबर

सातही जणांना पांढरी मुळं फुटली! सात कुंड्या भरल्या आणि वर दोन ट्यूबलाइट टांगल्या. एरवी मागच्या खोलीत जुन्या पेट्या आणि मोडक्या खुर्च्या असतात. आज ती वर्कशॉपसारखी दिसते. पाणी फार नको, कंद कुजतो. प्लास्टर कालवायला जो मापाचा पेला वापरतो तसाच एक आणलाय. तीन दिवसांनी एकदा, पन्नास मिली. एक थेंब जास्त नाही.

आईला रोज सगळं सांगावं लागतं. पलंगावर पडून पडून तिला तरी दुसरा विरंगुळा काय?

९ डिसेंबर

पानं कोथिंबिरीसारखी. आज आईने विचारलं, "खिडकीच्या कोपऱ्यातली ती वाकडी झालीय, तिला फिरवलीस का?" मी फिरवली नव्हती, पण जाऊन पाहिलं तर ती खरंच वाकडी होती. कालच सांगितलं असणार मी तिला. हल्ली बोलते ते माझ्या लक्षात राहत नाही. दिवस इतके एकसारखे आहेत की कालचं आज आणि आजचं काल होतं.

दादाचा फोन. "छोटे, तू आहेस म्हणून मला घोर नाही." दर वेळी हेच वाक्य. फोन ठेवल्यावर मी पंधरा मिनिटं भांडी आपटत होते. त्याला घोर नाही म्हणजे तो सगळा माझ्याकडे आला. रविवारी मैत्रिणीने टेकडीवर बोलावलं होतं, तिला सांगितलं, आईला सोडून येता येत नाही. ती म्हणाली, "मग मावशींना बोलाव ना रविवारी." लोकांना समजत नाही. प्रत्येक गोष्टीला तोडगा काढायची सवय असते लोकांना.

२० डिसेंबर

तीन नंबरची कुंडी गेली. पानं पिवळी पडली, देठ धरून ओढलं तर हातात आलं आणि खाली काळा चिखल. कुजलं. पन्नास मिलीत कुजलं? मी वहीत प्रत्येक पाणी लिहिलंय. माती दोन बोटं खोल ओली होती. असं व्हायला नको होतं.

२ जानेवारी

पत्र आलं. मावशींनी दुपारी वर आणून टेबलावर ठेवलं होतं. पाकिटावरचा शिक्का पाहूनच मी ते पालथं घातलं. सिरॅमिकच्या मॅडमचं. मी त्यांच्याच लॅबमध्ये शिकायला होते.

लिहितात: "तुझा हात चांगला आहे. अर्ध्यातून गेलीस ते मला रुचलं नव्हतं, पण आईचं दुखणं होतं. १ मार्चला नवी तुकडी सुरू होतेय. एक जागा तुझ्यासाठी ठेवलीय. १० फेब्रुवारीला संध्याकाळी पाचच्या आत फोन करून कळव. तीस वर्षं कवळ्या करायच्या असतील तर खुशाल कर."

मॅडम अशाच बोलतात. तिथे पोर्सेलिनचे दात करतात, भट्टीतून काढलेले, एकेक हिऱ्यासारखा. मी पुढच्या सहा दातांचा ब्रिज केला होता, त्याची छटा चुकली. मॅडमनी तो दिव्याखाली ठेवला आणि सगळ्या तुकडीला विचारलं, "हे कोणाचे दात?" मागून कोणीतरी म्हणालं, घोड्याचे. सगळे हसले. मीही हसले. तो सोमवार होता. मंगळवारी मी घरी यायचं तिकीट काढलं, सहजच, चार दिवस आराम म्हणून. आणि गुरुवारी आई पडली. काय योगायोग! तिकीट तयारच होतं.

आता जाणं शक्यच नाही. आईला या अवस्थेत टाकून? इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. मला सारखं असं वाटतं की कोणीतरी बाहेरून कडी लावलीय.

पत्र आईला दाखवलं नाही. तिला उगीच अपराधी वाटेल.

६ जानेवारी

पाच नंबरची कुंडीही कुजली. उरल्या पाच. आईला सांगितलं तर तिने कुठली कुंडी ते विचारलं. मग म्हणाली, "तू त्यांना फार मोजून मापून पाणी घालतेस गं."

"आई, पाणी जास्त झालंय, कमी नाही."

"हो का?" म्हणाली आणि भिंतीकडे वळली. तिला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

८ जानेवारी

आता शास्त्रशुद्ध काम. वर्कशॉपमधला जुना वजनकाटा मालकांकडून मागून आणला. ते म्हणाले, "आता फुलांनाही कवळी बसवणार काय?" आज पाणी घालायचा दिवस नव्हता. सकाळी निघताना प्रत्येक कुंडी तोलली, आल्यावर पुन्हा तोलली.

एक नंबर: सकाळी ९१२ ग्रॅम, संध्याकाळी ९५०.
दोन नंबर: सकाळी ८९६, संध्याकाळी ९३१.

बाकीच्याही तशाच. दिवसभर कोरड्या राहून कुंड्या जड झाल्या! म्हणजे मी नसताना त्यांना कोणीतरी पाणी पाजतं. घरात दोनच माणसं असतात, त्यातलं एक पलंगावरून हलू शकत नाही. उरलं कोण, हे सांगायला वजनकाटा नको.

१३ जानेवारी

पाच दिवस तोलून खात्री केली. आज मावशींना विचारलंच. आईसमोर, म्हणजे लपवाछपवी नको.

"मावशी, माझ्या कुंड्यांना पाणी तुम्ही घालता?"

मावशींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. आईकडे बघत राहिल्या. आईने डोळे मिटून घेतले होते. तिला असले वाद सोसत नाहीत.

"घातलं असेल मी," मावशी शेवटी म्हणाल्या.

"असेल म्हणजे? घातलं की नाही?"

"घातलं ताई. घातलं म्हणून लिहा तुमच्या वहीत."

स्वतः कबूल केलं! वर उद्धटपणा. मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, दोन जीव घेतलेत तुम्ही, सांगितलेलं कळत नाही तर सरळ म्हणायचं. त्यांनी आईच्या उशीची खोळ नीट केली, स्वतःचा डबा पिशवीत टाकला, आणि दाराशी वळून मला नाही, आईला म्हणाल्या, "आजी, जपा." आईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. दीड वर्षाची सवय, वाईट वाटणारच.

१६ जानेवारी

मावशी आल्या नाहीत. येतील असं वाटलं होतं. नवी बाई मिळेपर्यंत खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारी बारा वाजता किल्लीने दार उघडून डोकावून जाणार आहेत. बाकी वेळ आई एकटी. पलंगाशेजारी पाण्याचा तांब्या, फोन, आणि खाली भांडं ठेवून जाते. मला कामावर सारखं तेच दिसतं, ती पडलीय आणि हाक मारतेय. परवा एका कवळीला वरचे दात खाली बसवले.

गंमत म्हणजे भांडं रोज कोरडंच असतं. आई म्हणते, "पाणीच पीत नाही दिवसभर, म्हणजे तुला त्रास नको." बिचारी! तांब्या मात्र रिकामा असतो. म्हणे उन्हं आली की बाष्प होतं. जानेवारीत?

२२ जानेवारी

हे काय चाललंय कळत नाही. आज पुन्हा तोललं. एक नंबर सकाळी ९०४, संध्याकाळी ९४१. मावशी जाऊन नऊ दिवस झाले. काकू फक्त पुढच्या खोलीत येतात, त्यांना मागची खोली माहीतही नाही.

काटा बिघडला असणार. जुनाच आहे. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." मग मी एक किलो प्लास्टरचं बंद पाकीट तोलून पाहिलं. बरोबर एक किलो.

मग हवेतला दमटपणा असेल. थंड माती हवेतलं पाणी ओढून घेत असेल. असं होत असणार, नाहीतर दुसरं काय?

मावशींचा विचार मनात येतो. पण त्यांनी तर कबूल केलं होतं.

२९ जानेवारी

सहा नंबर गेली, सात नंबरही मान टाकतेय. आईचे हात पुसताना नखांत काळं दिसलं. पलंगाच्या दांड्याचा गंज असेल. नखं कापून दिली. ती म्हणाली, "लहानपणी मी तुझी कापायचे, आता तू माझी कापतेस," आणि हात मागे ओढून घेतला.

पत्राला उत्तर दिलेलं नाही. बारा दिवस उरलेत. एकदा वाटतं आजच फोन करून नाही म्हणून मोकळं व्हावं. पण नाही म्हटलं की दार कायमचं बंद. न म्हणता राहिलं की निदान ते किलकिलं आहे असं वाटतं. कळतं पण वळत नाही. श्वास अर्धाच आत जातो हल्ली. एवढ्याशा घरात मी, आई आणि कुजणारी माती.

४ फेब्रुवारी

कळी! दोन नंबरला. वाटाण्याएवढी, हिरवी, देठावर मान खाली घालून. मी आईला हाताला धरून सांगितलं तर ती म्हणाली, "एकच? दुसरी पानाखाली आहे बघ."

जाऊन पान उचललं. खरंच होती. आईचं काही सांगता येत नाही. पडून पडून तिला सहावं इंद्रिय फुटलंय.

८ फेब्रुवारी

आजचं लिहू नये असं वाटतं. तरी लिहिते, कारण दुसरं कोणाला सांगू?

आज वर्कशॉपमधली वीज गेली. मालकांनी दोनला सोडलं. मी जिने चढून आले, किल्लीने दार उघडलं. पलंग रिकामा. पांघरूण नीट घडी घालून पायथ्याशी. पहिल्यांदा वाटलं, पडली. मग मागच्या खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं.

आई ट्यूबलाइटखाली उभी होती. उभी! पदर खोचून, एका हातात औषधाची वाटी, दुसऱ्या हाताने दोन नंबरची पानं बाजूला करून पाणी घालत होती. मला पाहून आधी म्हणाली ते हे, "चपला काढ, आत्ताच केर काढलाय मी."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बस."

"कधीपासून चालतेस तू?"

"सहा आठवड्यांत हाड जुळलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते खरंच होतं."

दीड वर्ष! दीड वर्ष मी तिला धरून धरून संडासला नेलं, केस धुतले, नखं कापली, रात्री कानोसा घेत झोपले. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी ओरडले, खालच्या काकूंना ऐकू गेलं असेल. म्हटलं, झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही म्हणतात ते तुझ्याकडे बघून म्हणत असतील. माझा जन्म अडकवून ठेवलास तू इथे.

"मी अडकवलं?" आई म्हणाली. तिने वाटी खाली ठेवली आणि मोडक्या खुर्चीवर बसली. "मी पडले म्हणून धावत आलीस तेव्हा तुझ्याबरोबर काय काय होतं, आठवतं? गादी होती. बादली होती. भिंतीवरचं घड्याळ होतं. आई पडली म्हणून धावत आलेली पोरगी भिंतीवरचं घड्याळ काढून आणत नाही."

मी खाली ठेवलेली वाटी उचलली.

"मी उठणारच होते. सकाळी ठरवलं होतं, आज हिला चालून दाखवायचं. तेवढ्यात तू फोनवर कोणाला तरी सांगत होतीस, आई उठेपर्यंत मला परत जाता येणार नाही. तुझा आवाज इतका मोकळा होता गं. आल्यापासून पहिल्यांदा. मी पुन्हा आडवी झाले. म्हटलं आणखी दोन दिवस. मग दोनाचे चार झाले."

"खोटं. तुलाच मी जायला नको होते."

"तेही होतं," ती म्हणाली. "कशाला नाही म्हणू?"

"आणि मावशी? मावशींना का जाऊ दिलंस?"

इथे मात्र तिची मान खाली गेली. मावशींना पहिल्यापासून माहीत होतं. दुपारी मी नसताना त्याच तिला घरभर चालवायच्या. त्यांना तिने शपथ घातली होती. माझ्याकडून चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर डोळे मिटून पडून राहिला.

"पाणी का घालायचीस एवढं?" मी रडत विचारलं. एवढ्या सगळ्यात मला तेच सुचलं.

"तुझं ते पन्नास मिली मला पुरेसं वाटायचं नाही. माती वरून कोरडी दिसायची. मला वाटायचं, तहानलीत बिचारी. आणि मला दिवसभरात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं."

९ फेब्रुवारी

बोललो नाही. चहा तिने केला. दीड वर्षाने तिच्या हातचा चहा, आणि मी तो सिंकमध्ये ओतला. मग पातेल्यात तळाला उरलेला गाळून प्यायले, ती आंघोळीला गेल्यावर.

कामावर कोणीतरी विचारलं, "आई कशी आहे?" मी नेहमीचं उत्तर दिलं आणि ते तोंडातून बाहेर पडताना किती गुळगुळीत झालंय ते पहिल्यांदा ऐकलं. रोज पॉलिश केल्यासारखं. मला हे उत्तर आवडतं. हे लिहायला लाज वाटते, पण ते दिलं की माणसं पुढचं काही विचारत नाहीत. टेकडीवर का येत नाहीस, लग्नाचं काय, शिक्षणाचं काय, काही नाही.

संध्याकाळी आई म्हणाली, "उद्या शेवटची तारीख ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तीस वर्षं पोस्टात शिक्के मारलेत मी. पाकीट पाहिलं की आत काय आहे ते कळतं. आणि तू ते उशीच्या अभ्र्यात ठेवलंस, जो मी दुपारी बदलते."

१० फेब्रुवारी

आज रजा घेतली. सकाळी अकराला आईने साडी बदलली, केस विंचरले, दाराशी जाऊन माझ्या चपला पायात घातल्या, कारण तिच्या कधीच फेकून दिल्यात.

"कुठे?"

"मावशींकडे. मी केलेलं मीच निस्तरणार."

"मी येते."

"तू फोन कर," म्हणाली, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली. मी खिडकीतून पाहिलं. हळू चालत होती, पण आजारी माणसासारखी नाही. रस्ता ओलांडताना तिने एका सायकलवाल्याला हात करून थांबवलं. एकदाही वर पाहिलं नाही.

मग मी आणि घर. दीड वर्षात या घरात मी एकटी अशी नव्हतेच. कोणाला उठवायचं नाही, पुसायचं नाही, कोणाची हाक येणार नाही. सुटल्यासारखं वाटेल असं समजत होते. छे! छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. फोन समोर, आणि तो उचलू नये यासाठी माझ्याकडे काही म्हणजे काही नाही.

मी कागद घेतला. फोनवर अडखळायला नको म्हणून काय बोलायचं ते लिहून काढलं. "आईच्या प्रकृतीमुळे" असं हातातून आपोआप उतरलं. खोडलं. बराच वेळ बसले. मग मागच्या खोलीत गेले. तीन कुंड्या जिवंत आहेत, दोन नंबरच्या कळीतून केशरी रंग डोकावतोय. दहा दिवसांत उमलेल. मग पुढच्या कळ्या. मापाने पाणी कोण घालणार? आई? तिने तर चार बुडवल्या. खोलीतला गारवा कोण बघणार? मी परत आले आणि लिहिलं, "घरी एका नाजूक कामाची जबाबदारी माझ्यावर आहे, ती सध्या कोणावर सोपवता येण्यासारखी नाही." वाचून पाहिलं. खूप बरं वाटलं. दोन वाजले होते.

आई साडेतीनला आली. जिना चढून धापा टाकत होती. "मावशी येणार नाहीत," म्हणाली. "ताई स्वतः येऊन बोलल्याशिवाय नाही, म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं. फोन केलास?"

"नाही. पण ठरलंय माझं." आणि कागद तिच्या हातात दिला.

तिने चष्मा लावून वाचला. "नाजूक काम कोणतं?"

"फुलं. आता कुठे कळ्या आल्यात आई. आत्ता सोडून गेले तर इतके महिने फुकट जातील. पुढच्या वर्षी बघू..."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कागद घडी घालून टेबलावर ठेवला. चपला काढल्या, जोडून दाराशी ठेवल्या. पलंगाजवळ गेली, पांघरुणाची घडी उलगडली, आणि जशी रोज असते तशी आडवी झाली. हात दोन्ही बाजूंना. डोळे मिटून म्हणाली,

"फुलांचं कारण कोणाला पटायचं नाही. माझंच सांग."

"आई, ऊठ."

नाही उठली.

"आई, नाटक पुरे. ऊठ म्हणते ना!" मी तिचे दोन्ही हात धरून ओढले. तिने अंग सैल सोडून दिलं होतं. ती उठणार नव्हती. मी हो म्हटलं तर ती आजच उठेल, नाही म्हटलं तर आणखी दहा वर्षं उठणार नाही. मला हवं असेल तर ती मरेपर्यंत अशी पडून राहील. हे मला तेव्हा कळलं, तिचे हात माझ्या हातात असताना. आणि मी तिथेच खाली बसून मोठ्याने रडले. तिने डोळे उघडले नाहीत.

पावणेपाचला फोन लावला. मॅडमनीच उचलला.

"बोल. आई कशी आहे?" सगळे आधी तेच विचारतात.

आई समोर होती. मिटल्या पापण्या हलत होत्या.

"बरी आहे," मी म्हटलं. "आई बरी आहे. कधीचीच बरी आहे."

"मग अडचण काय?"

"काही नाही." "मला भीती वाटते मॅडम. घोड्याचे दात म्हणाले होते ते."

मग त्या म्हणाल्या, "छटा वाईटच होती ती. पहिल्या तारखेला सकाळी आठ. उशीर केलास तर परत पाठवीन." आणि फोन ठेवला.

मी फोन ठेवून उभी राहिले. आनंद वगैरे झाला नाही. भीती तीच जुनी होती, फक्त आता ती कोणाच्या नावावर टाकता येत नव्हती. आईने डोळे उघडले. "काय म्हणाली?"

"आठ वाजता."

ती उठायला गेली आणि "आई गं" म्हणून परत टेकली. "दे गं हात. आज तीन मजले उतरून चढले ना, आता खरंच कंबर धरलीय."

मी हात दिला. खरं की खोटं ते विचारलं नाही. उद्या सकाळी मावशींकडे जायचं, आणि तिथूनच तिकीट काढायचं.